फाटकातलं औषधाचं कपाट

४ जानेवारी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेलं असतं तर फोन केला असता. पण तूच बजावलं आहेस की ऑफिसात फोन करू नकोस, शेजारच्या टेबलाचे कान लांब आहेत. आणि घरून बोलावं तर आपली मावशी कधी दार ढकलून आत येईल याचा नेम नाही. समोरासमोर घरं असली की असंच व्हायचं. म्हणून दुकानात बसून लिहितो आहे.

मावशीने गेल्या वर्षी आपल्या दोघांसमोर काय कबूल केलं होतं, आठवतंय ना? "ज्या दिवशी माझ्या हाताला काम उरणार नाही त्या दिवशी तुम्ही म्हणाल त्या वृद्धाश्रमात जाईन. मग घराचं काय ते तुम्ही बघा." तिचा शब्द म्हणजे शब्द, हे तुला मी सांगायला नको. हॉस्पिटलातली नोकरी संपली तेव्हा आपल्याला वाटलं, आता जाईल. तर ही गल्लीभर इंजेक्शनं टोचत फिरली. मग हात थरथरायला लागला आणि तेही सुटलं. मी म्हटलं, सुटलो! बिल्डरला जाऊन शब्द देऊन आलो. खालचा मजला माझा, वरचा तुझा, बाकीचे त्याचे. कागद झाले की नवी इमारत उभी राहीपर्यंत तुला राहायला फ्लॅटही तोच देणार.

तर आता बाईसाहेबांनी हाताला नवं काम शोधलं आहे. फाटकाच्या खांबाला टेकवून एक कपाट उभं केलंय आणि त्यात पुस्तकं ठेवली आहेत. ज्याला हवं त्याने न्यावं, वाचावं, परत आणावं, आपलं एखादं आणून टाकावं. पैसा नाही, नोंद नाही, काही नाही. आणि कपाट कुठलं? हॉस्पिटलने भंगारात काढलेलं औषधाचं पांढरं कपाट, काचेच्या दाराचं. ते तिला कुणी दिलं? मीच, माझ्या या हातांनी. माझ्या या जुन्या सामानाच्या दुकानात पडून होतं, म्हटलं म्हातारी कपडे ठेवेल. माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला.

तिने त्याचा पक्का वॉर्ड केलाय. आलेलं पुस्तक आधी अंगणात दोरीवर उन्हात. मग पान न् पान झटकायचं, फडक्याने पुसायचं, पाठ उसवली असेल तर जखमेची पट्टी लावायची. मग म्हणते, "हे बरं झालं, आज सोडायला हरकत नाही." लोक येतात, हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. इस्त्रीवाल्याची बायको तर कडेवर पोर घेऊन रोज हजर. सिस्टर हे द्या, सिस्टर ते द्या. मावशीचे गाल वर आलेत, ताई. दहा वर्षं कुठे जात नाही ही.

तू नियमांची बाई आहेस. काहीतरी कर.

तुझा,
ढब्बू


११ जानेवारी

प्रिय ढब्बू,

रडतोस काय? लहानपणी गोटी हरवली तरी असाच माझ्याकडे यायचास नाक पुसत.

पहिली गोष्ट, कपाट काढून टाक असं चुकूनही कुणाला म्हणू नकोस. पुस्तकाच्या विरुद्ध बोललास तर सगळी गल्ली तुझ्या तोंडात शेण घालेल. असल्या गोष्टीवर बंदी घालायची नसते. तिला नियम घालायचे असतात. मग ती आपोआप दमते, आणि कुणाचे हात मळत नाहीत.

तुझं नशीब थोर की आमच्या नगरपालिकेत हीच साथ आली आहे. खासगी आवारातल्या पुस्तकपेट्या. एकाने तर मोडका फ्रीज उभा केलाय दारात. साहेबांनी नियमावली माझ्या गळ्यात मारली आणि मी ती लिहूनही टाकली. त्यातलीच सात कलमं तुमच्या गल्लीच्या मंडळाला बेतून सोबत पाठवते आहे. तुमच्या मंडळाचा अध्यक्ष तो जुना तिकीट तपासनीस ना? आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली, आता तपासायला काही नाही म्हणून झुरत असेल बिचारा. त्याच्या पुढ्यात टाक, तो मिठी मारेल.

तीन कलमं नीट वाच. पेटीचं दार रस्त्याकडे उघडता कामा नये. पेटीचा माथा कुंपणाच्या वर येता कामा नये. आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती हवी. मावशीच्या एका बाजूला हा अध्यक्षच राहतो आणि त्याचं फाटक कुणी ओलांडलेलं त्याला खपत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. तिथेच गाडी अडकेल.

आणि हे मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. कामात भावना आणायच्या नाहीत. मला जूनमध्ये सरकारी क्वार्टर सोडायचं आहे, आणि तुझ्या भावोजींच्या दम्याला पुन्हा भाड्याची ओलसर खोली सोसणार नाही. तिचं वय झालंय, आपली आयुष्यं अजून व्हायची आहेत. वाईट दिसतं, पण खोटं नाही.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या नियमांनी माझी पार शोभा केली.

मंडळाने एका बैठकीत मंजूर केले, अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मी कागद घेऊन मावशीकडे गेलो, तोंड पाडून. म्हटलं आता चिडेल, मग हिरमुसेल. तिने चष्मा लावला, सगळं वाचलं आणि म्हणाली, "कुणी लिहिलेत? डोकं आहे बाईला." बाईनेच लिहिलं असणार हे तिने कशावरून ओळखलं देव जाणे. मग लगेच म्हणाली, "आपलीच आहे ना?" आता मी काय करणार? हो म्हणालो. माझ्यावर ओरडू नकोस.

ताई, ती खुर्चीत बसून हसायला लागली. "बघ, मी हिला वॉर्डात कोपऱ्यात बसवून अभ्यास करून घेतला तो वाया नाही गेला." मग तुझी कलमं तिने आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवून काढली, एक्स-रेच्या धुऊन काढलेल्या फिल्मखाली घातली आणि कपाटाच्या दाराला लावली. येईल त्याला दाखवते. "माझ्या भाचीने लिहिलेत." गल्लीत तू आता प्रसिद्ध आहेस.

दार रस्त्याकडे नको म्हणालीस ना? तिने कपाट फिरवून आतल्या बाजूला केलं. आता पुस्तक घ्यायला फाटक उघडून अंगणात यावं लागतं. आले की पायरीवर बसतात. बसले की मावशी चहा ठेवते. आधी लोक उभ्या उभ्या जायचे, आता तासतास हलत नाहीत. माथा कुंपणाच्या वर नको म्हणालीस, तर सुताराकडून चारी पाय कापून घेतले. आता इस्त्रीवाल्याच्या रांगत्या पोराचाही हात पोचतो. आणि अध्यक्ष! त्याच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात मावशी तिच्या उशाशी बसून होती, हे मी साफ विसरलो होतो. त्याने संमती दिली आणि वर रडला. आता रोज सकाळी येऊन पुस्तकं नीट उभी आहेत का ते तपासतो. आपणच त्याला काम लावून दिलं.

माझं म्हणशील तर वेगळाच ताप आहे. एका बंद पडलेल्या वसतिगृहाचं सामान सगळंच्या सगळं उचललं. खाटा, गाद्या, फडताळं, वाचनालयातल्या पुस्तकांची दोन खोकी. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. घरी आणून बघतो तर खाटा ढेकणांनी भरलेल्या. गोदामात पाय टाकवत नाही. अंगभर गांधी उठल्यात, बायको मला बाहेरच्या खोलीत झोपवते.

पुढे काय करायचं ते सांग.

ढब्बू


९ फेब्रुवारी

ढब्बू,

एक साधी गोष्ट सांगितली होती, माझं नाव घेऊ नकोस. तेवढंही तुला जमलं नाही. ढेकणांनी तुला निवडला यात त्यांची हुशारी दिसते. रक्त भरपूर, आणि वर सावध नाही.

तिला अभिमान वाटतो हे वाचून मला कसंसंच झालं. तेवढं सांगून ठेवते आणि पुढे जाते.

आठवं कलम पाठवते आहे. हे मंडळाला दुरुस्ती म्हणून दे. "पेटीतील प्रत्येक पुस्तक जागेच्या मालकाने स्वतः तपासावे. पेटीतील पुस्तकापासून कुणास कीड वा रोग पोचल्यास त्याची जबाबदारी मालकाची राहील, पेटी तत्काळ बंद केली जाईल व त्या जागेत पुन्हा उघडता येणार नाही." याला कुणी विरोध करणार नाही. लेकराबाळांच्या आरोग्याचं आहे, हात वर करतील सगळे. आणि मावशी तर सगळ्यांत आधी करेल.

तुला आठवतं, शाळेतून आलो की ती आपल्याला ओट्यावर बसवून डोकी बघायची? ऊ काय, लीख सुटायची नाही तिच्या नजरेतून. पण आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही. पुस्तकाच्या शिवणीत काय बसलंय ते तिला दिसायचं नाही. उन्हाळा येतोय. वाळवी म्हण, झुरळ म्हण, काहीतरी निघेलच. आपण फक्त वाट बघायची.

पेटी कुणी दुसऱ्याने बंद केली तर ती भांडेल. आपल्या हातून कुणाला इजा झाली असं तिला वाटलं, तर एक शब्द न बोलता उठेल. मी तिला ओळखते.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

काम झालं!

आता नीट बसून वाच, असलं पत्र मी पुन्हा लिहिणार नाही. परवा सकाळी गल्लीत आरडाओरडा. बाहेर येऊन बघतो तर इस्त्रीवाल्याची बायको मावशीच्या अंगणात. कडेवर पोर, पोराच्या अंगावर तिळाएवढी जागा कोरी नाही, सगळे लाल फोड. हातात एक जाडजूड पुस्तक. म्हणते, "सिस्टर, हे तुमच्याकडून नेलं, उशाशी ठेवून झोपले, आणि बघा माझ्या लेकराचं काय झालं!" आणि पुस्तक आपटलं पायरीवर. ताई, त्यातून ढेकूण निघाले. चांगले पोसलेले, एकामागून एक. सगळी गल्ली बघत होती.

मावशी पांढरीफटक. तिने आधी पोराला बघितलं, पाण्याने पुसलं, काय लावायचं ते सांगितलं. हात इतका थरथरत होता की कापूस खाली पडला. त्या बाईने पोर ओढून घेतलं. म्हणाली, "तुम्ही हात लावू नका."

अध्यक्ष मधे पडला, म्हणाला, पुस्तक कुणी आणून टाकलं ते शोधू, सिस्टरचा काय दोष? मी म्हटलं, झालं, आता हा चौकशी लावणार. तर मावशीच बोलली. "कुणी टाकलेलं नाही. ही माझ्या घरची जुनी पुस्तकं, मीच न तपासता ठेवली. आठवं कलम वाचा." असं खणखणीत, जसं वॉर्डात बोलायची.

दुपारी तिने अंगणात सगळी पुस्तकं जाळली. चांगली, वाईट, सगळी. कपाटावर उकळतं पाणी ओतलं, आणि ते स्वतः फरफटत माझ्या दुकानात आणून सोडलं. तुझी कलमं तेवढी काढून घेतली होती. म्हणाली, "चल, कुठला आश्रम बघून ठेवला आहेस? माझ्या हाताला आता काम नाही." काल पोचवून आलो. निघताना गल्लीतलं कुणी दारात आलं नाही. तो तपासनीस तेवढा आला, तो वेडाच आहे.

घराचे कागद जूनअखेर होतील, बिल्डरचा वकील तेव्हाच मोकळा आहे. तोवर तिचं मन फिरलं नाही म्हणजे मिळवली. ढेकूण नेमके कसे वेळेवर आले बघ! नशीब म्हणतात ते हेच.

वरच्या मजल्याला गॅलरी कुठल्या बाजूला हवी ते कळव.

ढब्बू


२७ मार्च

ढब्बू,

मिळालं. गॅलरी पूर्वेला.

ढेकूण कसे आले याचा मी विचार करत नाही. तूही करू नकोस, आणि कुणाशी बोलू तर अजिबात नकोस. पोर बरं आहे ना? तेवढं एका ओळीत लिही.

ताई


१८ एप्रिल

माझी शहाणी बाय,

तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते आहे, घरचा पत्ता असलेली डायरी मी बरोबर आणली नाही. बरोबर काहीच आणलं नाही म्हणेनास. दोन पातळं आणली होती तीही इथे उकळायला दिली. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

मी बरी आहे. खोली मागच्या बाजूला आहे, कोठाराला लागून. इथे आल्या आल्या मीच आश्रम सांभाळणाऱ्या बाईंना सांगितलं की माझ्या घरी ढेकूण निघाले, मला वेगळं ठेवा. न सांगता कसं चालेल? इथे सगळी म्हातारी माणसं, कातडी कागदासारखी. त्यांनी लगेच ऐकलं. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवतात आणि कडी वाजवून जातात. मी असते तर हेच केलं असतं, म्हणून माझी तक्रार नाही. फक्त दिवसभर कुणाचं तोंड दिसत नाही आणि हाताला काही काम नाही. चादरीची शिवण उसवून पुन्हा घालत बसते. दिसत नाही, पण बोटांना कळतं.

आता मुद्द्याचं लिहिते. हे फक्त तुझ्यापाशी ठेव.

ती पुस्तकं आपल्या ढब्बूने ठेवली होती. एका दुपारी मी झोपले आहे असं त्याला वाटलं. मी खिडकीशी होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन पुस्तकं घेऊन आला, इकडे तिकडे बघितलं, कपाटात ठेवली आणि चवड्यांवर पळाला. इतका मोठा झाला तरी! लहानपणी आठवतं तुला? स्वतःच्या ताटातलं तुझ्या ताटात टाकायचा, आणि मी पाहिलं की रडायला लागायचा. चांगलं करताना कुणी बघितलेलं त्याला आवडतच नाही. मला इतकं बरं वाटलं! सुरुवातीला या पुस्तकांवर जरा रागावलेलाच होता तो, मला कळत होतं. म्हटलं, विरघळला.

आणि तिथेच मी चुकले. प्रत्येक पुस्तक मी उन्हात घालायची, पण ही तीन नाही घातली. घरच्या लेकराने दिलेलं, त्याला काय तपासायचं? काढून पुन्हा ठेवलेली दिसली तर त्याला वाईट वाटेल. तशीच राहू दिली. आयुष्यभर कुणासाठी नियम मोडला नाही, त्याच्यासाठी मोडला, आणि त्या तान्ह्याच्या अंगावर ते उमटलं. ते फोड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

त्याच्या त्या वसतिगृहाच्या खाटांतूनच ढेकूण पुस्तकांत शिरले असणार. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! म्हणून अंगणात मी सांगितलं की पुस्तकं माझीच. नाहीतर गल्लीने त्याला फाडून खाल्लं असतं, दुकान बसलं असतं. माझं काय, माझं सगळं करून झालंय. त्याला यातलं काही सांगू नकोस. आपल्यामुळे मावशीला जावं लागलं असं त्याच्या मनात आलं तर तो जेवायचा नाही. तू फक्त काही निमित्त काढून त्याच्या घरच्या गाद्या कडक उन्हात घालायला लाव. खाटांच्या फटींत उकळतं पाणी ओतायला सांग. मी तिथे असते तर चार दिवसांत घर साफ करून दिलं असतं.

आणि एक विचारायचं होतं. तुझी कलमं मी बरोबर आणली आहेत, भिंतीला लावली आहेत. आठव्या कलमात बंद करायचं लिहिलंय, पण पुन्हा कधी उघडायचं ते मला सापडत नाही. माझी नजर कमी, एखादी ओळ सुटली असेल. आमच्याकडे प्रत्येक विलगीकरणाला मुदत असायची. इथल्या बाईंना विचारलं की, मला बाहेर कधी बसता येईल, तर त्या म्हणतात, बघू. तू नियम करणारी आहेस. अशा वेळी मुदत साधारण किती धरतात? तेवढं कळलं की मला दिवस काढायला सोपं जाईल.

तुझी,
मावशी


२४ एप्रिल

ढब्बू,

मावशीचं पत्र आलं आहे. ते तुला पाठवत नाही. तू ते कुठेतरी टाकशील आणि तुझ्या बायकोला सापडेल. पण त्यात काय आहे ते ऐक.

तिने तुला पाहिलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन पुस्तकं, दुपारची वेळ, चवड्यांवर पळत जाणारा तू. खिडकीतून सगळं पाहिलं. तिला वाटलं तू गुपचूप दान करतो आहेस. त्या आनंदात तिने ती तपासली नाहीत. आणि नंतर सगळ्या गल्लीसमोर खोटं बोलली ते तुला वाचवायला. तिला अजूनही वाटतं, तुला काही माहीत नव्हतं. तुझ्या गाद्या उन्हात घाल म्हणते आहे.

मी ऑफिसच्या संडासात जाऊन ओकले. आपण वाट बघायची असं लिहिलं होतं मी तुला. वाट बघायची! लेकराच्या उशाशी ढेकूण सोडायचे असं कुठल्या ओळीत लिहिलं होतं?

तिला त्यांनी कोठाराशेजारच्या खोलीत एकटीला ठेवलंय. कुणी आत जात नाही. ती मला विचारते आहे, या नियमाला मुदत किती. मी मुदत घातलीच नव्हती, ढब्बू. मुद्दामच घातली नव्हती.

मी आश्रमाच्या बाईंना फोन करणार आहे, की तिच्या अंगावर काही नाही, तिला माणसांत आणा.

ताई


२९ एप्रिल

ताई,

फोन करू नकोस. माझं आधी ऐक.

तू हुशार आणि मी बावळट, असं तुला लहानपणापासून वाटत आलंय. मग मावशीचं ते पत्र पुन्हा एकदा वाच, डोळे पुसून. मावशीने पाहिलं, आणि ती बोलली नाही? ती बाई डॉक्टरांना तोंडावर सुनावायची. ही धमकी आहे. मला सगळं माहीत आहे, असं ती तुला गोड शब्दांत कळवते आहे. मला का नाही लिहिलं? तुला का लिहिलं? कारण नियम तुझा आहे. पोचलेली बाई आहे ती, तू फसू नकोस.

आणि समजा नसेल धमकी, ती खरंच तेवढी भोळी असेल, तर आणखीच वाईट. माणसांत आली की बोलेल. माझ्या ढब्बूने प्रेमाने पुस्तकं ठेवली, असं कौतुकाने सांगेल. तपासनीस दर रविवारी आश्रमात जातो, दारातूनच परत पाठवतात म्हणून निभावलंय. त्याच्या कानावर गेलं की संपलं. कागद जूनअखेर आहेत. गल्लीने गलका केला, मावशीचं मन फिरलं, की कुठला मजला आणि कुठली गॅलरी? भावोजींना घेऊन कुठे जाणार आहेस तू?

मी आश्रमाच्या मॅनेजरशी बोललोय. त्यांना माझ्याच दुकानातून खुर्च्या जातात. सांगून ठेवलंय की पेशंटला अजून संसर्ग आहे, मागेच राहू द्या. ती तुझं ऐकते. दोन ओळी गोड लिहून टाक, म्हणजे तीही हट्ट करणार नाही.

ओकलीस म्हणतेस. आठवं कलम लिहिताना नाही ओकलीस.

पोर बरं आहे. त्याचे आईबाप मात्र गल्ली सोडून गेले. आणि माझ्या घरात ढेकूण आहेतच, काही केल्या जात नाहीत. ती काय ते गाद्यांचं म्हणाली होती, ते जरा नीट लिहून पाठव.

ढब्बू


५ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, ऑफिसात वर्षअखेरीची कामं तुंबली होती.

तुझं अक्षर मुळीच वेडंवाकडं नाही. मला शाळेतल्या वहीवर तू माझं नाव घालून द्यायचीस तेच आठवलं. तू इतकी मनाला लावून घेऊ नकोस. पोर अगदी बरं झालंय, खेळतंय. इस्त्रीवाल्याची बायको तुझी आठवण काढते, असं ढब्बूने कळवलंय. त्याला मी काही सांगितलेलं नाही. गाद्यांचं मात्र सांगितलं, माझंच म्हणून. तो तुझी फार काळजी करतो.

तू विचारलंस त्या मुदतीचं. तुझी नजर चुकली नाही, तू ज्या कागदावरून उतरवून घेतलंस त्यातच ती ओळ राहून गेली आहे. मुदत असते. फार नसते, थोडीच असते, पण मधे बाहेर आलं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते, हे तुला मी काय सांगायचं? तूच आम्हाला शिकवलंस. म्हणून कुणी कितीही बोलावलं, अगदी तपासनीसकाका दारात आले तरी, कडी काढू नकोस. पत्रही मलाच लिही, दुसऱ्या कुणाला नको. कागदातूनही जातं म्हणतात.

वेळ जायला तुला लोकर पाठवायची होती, पण लोकरीत कीड लवकर धरते, तेव्हा राहू दे.

जूनअखेर ढब्बू एका गृहस्थांना घेऊन येईल. ते दारातूनच कागद देतील, त्यांवर सह्या करून दे. त्यानंतर मी स्वतः येईन आणि मुदत संपली असं तुला सांगेन. नियम मी लिहिलाय ना? मग माझ्यावर विश्वास ठेव. तोवर खोलीतच थांब.

तुझी,
शहाणी बाय